अर्धी करंजी

सहायक दिग्दर्शक म्हटलं की लोकांना वाटतं, दिग्दर्शक आभाळाकडे बघत बसलाय आणि मी शेजारी उभा राहून त्याला कल्पना पुरवतोय. मी पुरवतो त्या करंज्या.

घोडबंदर रोडवरच्या बंगल्यात आमच्या मालिकेचं हळदीकुंकू चार दिवस चाललं होतं. पडद्यावर ती एकच संध्याकाळ. पहिल्या दिवशी मास्टर शॉटमध्ये आत्याबाईंनी करंजीचा घास घेतला आणि पॅकअप झालं. त्या उरलेल्या अर्ध्या करंजीचं पुढे काय, ही काळजी अख्ख्या युनिटमध्ये फक्त मी करायची, त्याचाच मला पगार. दुसऱ्या दिवशी क्लोजला हुबेहूब तशीच हवी: डाव्या हातात, मुरडीचं एक टोक शाबूत, सारण जरा डोकावणारं. आत्याबाईंना मधुमेह. मग मीच मोबाइलवरचा फोटो समोर धरून एकेक करंजी चावत बसलो. अकरावी जमली. आत्याबाईंनी करंजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उष्टी आहे का रे?"

"नाही ताई, कंटिन्युइटीची आहे."

या पदाला मी क्लॅप देत देत पोचलो. थर्ड असिस्टंट असताना क्लॅप द्यायचा आणि कलाकारांना बोलवायला मेकअप रूमकडे पळायचं. सेकंडला कपडे, दागिने, टिकल्या यांची वही सांभाळायची. फर्स्ट झालात की पळायचं कमी होतं, ओरडायचं वाढतं. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता उरतात 22 मिनिटं, आणि तेवढी भरायला 12 तासांची शिफ्ट पुरत नाही, कारण सीन सकाळी व्हॉट्सॲपवर गरमागरम येतो आणि दुपारी चॅनलकडून बदलून येतो. तोवर सासूबाई रडून मोकळ्या झालेल्या असतात. त्यांना आता हसायला कसं सांगायचं? तेही फर्स्टनंच. पैसे 90 दिवसांनी. गणपतीत राबावं आणि ते पैसे नाताळात यावेत. मधली दिवाळी स्पॉटदादाच्या चहावर.

नातेवाइकांना यातलं काही सांगण्यात अर्थ नाही. "मग तू दिसतोस कधी?" एवढंच ते विचारतात. एकदा दिसलो. कुरियरवाल्याचं काम करणारा पोरगा आला नाही, एपिसोड दुसऱ्याच दिवशी जायचा होता, तयार एपिसोडच्या बँकेत एकही शिल्लक नाही. दिग्दर्शक म्हणाले, "तूच दे रे पाकीट." दारातून फक्त माझा हात आत आला. त्यावर कॅमेरा रेंगाळला, कारण पाकिटात सुनेचा भूतकाळ होता.

घरी आईनं शेजारणींना गोळा करून तो एपिसोड पाहिला. माझा हात येताच तिनं ओळखला. अभिमानानं दोन क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, "नखं बघ केवढी वाढलीत! अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिली असतील."

त्याच रात्री मी दहाही नखं मुळापासून कापली.

सकाळी सेटवर पोचलो तर सीन आलेला होता. पाकीट आत येतं, तिथूनच पुढे. सेकंड माझ्या हाताचा परवाचा फोटो घेऊन दारात उभाच होता.