माहेरचा मुरूम

भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. आमचं रान अलीकडे, काळ्या कसदार मातीत. बायकोचं माहेर पलीकडे, तेही नदीकाठी नव्हे, तर वर रांजणगाव गणपतीच्या अंगाला, माळावर. लग्नात आमच्याकडच्यांनी तिथली जमीन पाहून नाकं मुरडली होती. रानात घर बांधायला काढलं, तेव्हा ती नाकं जागेवर आली.

मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला, "सायेब, आधी वाट करा. पायाचं मग बघू." मला वाटलं, हा खर्च वाढवतोय. चार-सहा महिन्यांचं बांधकाम, त्याला कशाला रस्ता? मे महिना होता, भेगाळलेली जमीन दगडासारखी वाजत होती. त्या टणकपणावर विश्वास ठेवून मी खडी मागवली. हायवा यायच्या आदल्या रात्री एक वळीव झाला, अर्ध्या तासाचा. सकाळी हायवा बांधापासून वीस पावलं आत आला आणि मागची चाकं अशी खाली बसली, की ड्रायव्हरला दारातून उतरायला पायरीच लागली नाही. काढायला जेसीबी आला. त्याचं तासाचं भाडं देताना मला मिस्त्रीचं तोंड बघवेना.

काळ्या मातीचा हा स्वभावच आहे. पाणी पिऊन फुगायचं, उन्हानं आक्रसायचं. उसाला ती आई, चाकाला सासू.

मग हिशेब मांडला. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत दोनशे फूट लांब, दहा फूट रुंद, अर्धा फूट थर : हजार घनफूट, म्हणजे १० ब्रास मुरूम, शिवाय खाली डबर. पण ते दोनशे फूट जायचे होते तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या बांधावरून. शेतात जायला बांधावरून वाट मागायची सोय कायद्यात आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३. पण तहसीलदारांनी दिलेल्या वाटेवरून जाताना तात्यांना रोज रामराम कसा घालायचा, हे त्या कलमात नाही. म्हणून मी अर्धा किलो पेढे घेऊन गेलो. तात्यांनी दोन पेढे खाल्ले, खाली सिमेंटचा नळा टाकून पाण्याला वाट ठेवायची अट घातली आणि म्हणाले, "तात्पुरता हं. घर झालं की मुरूम उचलायचा."

मुरूम सासऱ्यांनी दिला. त्यांच्या माळावर ज्वारीपेक्षा तोच जोमदार. रॉयल्टीची पावती खिशात घालून ट्रॅक्टर भीमेचा पूल ओलांडून आले. पहिल्या ट्रॉलीवर सासरे स्वतः बसलेले, रुखवत घेऊन आल्यासारखे. "आमच्याकडं घर बांधायला रस्ता लागत नाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. लग्नातल्या नाकांचा तो हिशेब होता, हे मला कळलं. तात्यांनाही कळलं असावं. ते उसाकडे बघत राहिले.

डबर, वर मुरूम, वर पाणी, वर रोलर. तांबूस पट्टा असा देखणा दिसायचा की संध्याकाळी शेजारपाजारचे उगाच त्यावरून चालून जायचे. घराच्या भिंतींकडे कुणी बघत नसे.

पावसाळ्यानंतर पट्टा चार बोटं खाली गेला. आणखी दोन ट्रॉल्या आल्या. पुढच्या पावसाळ्यात तेच. त्यात आश्चर्य कसलं? मुरूम आणि ही माती एकाच घराण्यातली. दख्खनचा काळा पत्थर झिजत झिजत आधी मुरूम होतो, आणखी झिजला की माती. निम्म्या वाटेवरच्या भावाला पुढे गेलेला भाऊ खाली ओढतोय, एवढंच. भावकीच ती.

घराची वास्तुशांत झाली त्याला आता तीन वर्षं झाली. मुरूम उचलायचं कुणी बोललं नाही. बोलणार कोण? दरवर्षी तात्यांच्या उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या त्याच वाटेनं कारखान्याला जातात.

परवा तात्या सकाळी सकाळीच आले. चहा घेतला, खचलेल्या चाकोरीत चप्पल घालून खोली मोजून दाखवली.

"कारखाना सुरू व्हायच्या आत दोन ट्रॉल्या टाकून घे," म्हणाले. "आणि सासऱ्यांना म्हणावं, मागच्या वेळचा बारीक होता. जरा जाडा पाठवा."