पापणीचं सोवळं

चेन्नईत पापण्यांना उसने केस चिकटवून घेतले, की घरात नवं सोवळं सुरू होतं. पहिले चोवीस तास पाणी वर्ज्य. तेही अशा शहरात, जिथे मे महिन्यात माणूस नुसता उभा राहिला तरी निथळतो. तेल तर कायमचंच निषिद्ध, चिकटवलेलं सुटतं ना! म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगाला टी. नगरच्या सासूबाई तेलाची वाटी घेऊन सूनबाईंच्या भुवयांपाशी थबकणार. रोज बिनतेलाचा फेस, मऊ कुंचला, मुळापासून टोकापर्यंत हलका हात, मग विंचरणं. कंटाळा केलात, तर पापणीच्या मुळाशी कोंडा आणि सूज मुक्कामाला. एवढं करून दोन-तीन आठवड्यांनी पार्लरची वारी आहेच. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला, हे मात्र कुणालाच आठवत नाही.