शुक्रवारी राक्षशीण जेवायला

आमची सोसायटी आणि शेजारची सोसायटी यांच्यामध्ये छातीइतकी भिंत आहे. डोंबिवलीत दोन इमारतींमधून माणूस आडवा निघाला तरी नशीब म्हणायचं. इथे तर भिंतीच्या कडेनं चक्क आघाडा उगवतो. श्रावणात त्यावर पलीकडच्या काकूंचा आणि माझा समाईक हक्क. मुळं आमच्या बाजूला, शेंडे त्यांच्या.

परवा, श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी सात वाजताच काकू भिंतीवर कोपरं टेकून उभ्या. हातात कात्री, केसांना टॉवेल.

"फडके रोडला वाट्याचे वीस रुपये सांगतात. त्यात चार दुर्वा, आघाड्याच्या दोन काड्या, बाकी गवत," इथपर्यंत मोठ्यानं. मग आवाज खाली. "ऐकलंस का, आमच्या सूनबाई काय म्हणाल्या?"

काकूंनी आवाज खाली आणला की मी कुकरखालचा गॅस बंद करून येते.

झालं असं, की दिव्याच्या अवसेला काकूंनी देवघराशेजारी जिवतीचा कागद चिकटवला. सुनेचा हा पहिलाच श्रावण. तिनं कागद नीट निरखला. वर हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर कृष्ण, खाली एक हत्तीवर आणि एक वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, आणि मधोमध अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या दोन बाया. "आई, या कोण?" काकू म्हणाल्या, जरा आणि जिवंतिका. सून फोन घेऊन आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. "आई, ही जरा राक्षशीण आहे!"

"आता सांग," काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी हिला पुरणाचा नैवेद्य दाखवतेय. सासूबाईंनी सांगितलं, केलं. राक्षशीण म्हणे!"

"आहेच ती राक्षशीण," मी म्हटलं.

काकूंनी कात्री खाली ठेवली.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कुणी कात्री खाली ठेवली की मला राहवत नाही. मगधाचा राजा बृहद्रथ. त्याच्या दोन राण्या, काशीच्या राजाच्या जुळ्या मुली. मूलबाळ नाही. चंडकौशिक ऋषींनी दिला एकच आंबा.

"एकच?"

एकच. दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला, आणि प्रत्येकीला अर्धंच मूल झालं. एक डोळा, एक हात, एक पाय. दायांनी दोन्ही तुकडे गुंडाळून रातोरात चव्हाट्यावर टाकले. तिथे जरा आली, मांस शोधत. न्यायला सोपं जावं म्हणून तिनं दोन्ही तुकडे एकत्र धरले, तर ते जुळले, आणि पोरानं मूठ तोंडात घालून असा टाहो फोडला की अख्खा राजवाडा बाहेर धावला. जरेनं सांधला म्हणून जरासंध.

"म्हणजे न्यायच्या सोयीसाठी जोडलंन होय!" काकू म्हणाल्या. "आपण भाजीच्या दोन पिशव्या एकात घालतो तसं."

अगदी तसंच. पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती सुनेच्या फोननं तिला सांगितली नसणार. सभापर्वात ही जरा राजाला स्वतःची ओळख करून देते. म्हणते, मी राक्षशीण खरी, पण मला गृहदेवी म्हणतात. जो माझं पोराबाळांच्या घोळक्यातलं चित्र घरच्या भिंतीवर काढतो, त्याच्या घरी भरभराट होते. तुझ्याही भिंतीवर मी आहे, मला रोज गंधफूल मिळतं, तेव्हा उतराई म्हणून हे घे तुझं पोर. आणि राजानं तिच्या नावानं उत्सव सुरू केला.

काकू काही बोलल्या नाहीत. भिंतीवर चित्र, चित्रात पोरं, वर गंधफूल. दहा रुपयांचा तो कागद काय म्हणतोय हे मलाही निवृत्त झाल्यावरच कळलं, ते कशाला लपवू. शाळेत आम्ही जरासंध शिकवत होतो तो भीमानं उभा चिरला एवढाच.

"पण मला एक सांग," काकू म्हणाल्या, "पोरं खाणारीलाच पोरं सांभाळायला का ठेवायचं?"

हा प्रश्न जगभरच्या बायकांनी सोडवला आहे, आणि उत्तर बहुतेक ठिकाणी एकच निघालंय. इराकच्या जुन्या संस्कृतीत लमाश्तू नावाची एक होती. सिंहाचं डोकं, गाढवाचे दात. बाळंतिणीच्या कुशीतून मूल उचलून न्यायची. तिच्यावर उतारा काय, तर पाझुझू, म्हणजे तिच्याहून भेसूर राक्षस. त्याचं मुंडकं ताइतासारखं गरोदर बाईच्या गळ्यात बांधत. काट्यानं काटा. आपली सटवाईही त्यातलीच: नुसत्या नावानं धडकी भरते, पण पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी तिच्यासाठीच मांडायची.

"अगं, आमच्या टोकियोतल्या लेकीनं असल्याच देवळाचा फोटो पाठवला होता!" काकू म्हणाल्या. फोन आत होता. टॉवेल सावरत गेल्या, आल्या. मोठ्ठं गिंको झाड, जुनं लाकडी देऊळ. झोशिगायाचं किशिमोजिन. मुलं व्हावीत, झालेली जगावीत म्हणून जपानी बायका तिथे जातात.

ही तर आपल्याकडूनच गेलेली! मूळची हारीती, राजगृहाची यक्षीण. स्वतःची पाचशे पोरं, आणि त्यांना वाढवायला गावातली दुसऱ्यांची पोरं पळवायची. बुद्धानं तिचं धाकटं भिक्षापात्राखाली लपवलं. ती रडत-भेकत आली. बुद्धानं विचारलं, पाचशेंतलं एक गेलं तर ही तऱ्हा, मग जिचं एकुलतं एक गेलं तिनं काय करावं? त्या दिवसापासून ती पोरांची राखणदार झाली, आणि विहारातल्या जेवणात तिचा वाटा ठरला. आपल्या अजिंठ्याला दोन नंबरच्या लेण्यात ती नवऱ्याशेजारी ऐसपैस बसली आहे. तिच्या पायाशी शाळा भरलीय: छडी घेतलेले गुरुजी, पुढच्या पोरांचा अभ्यास, मागच्यांचा दंगा. वर्ग कोरणाऱ्यानं वर्ग पाहिलेला होता, एवढं मी शपथेवर सांगेन.

आणि जपान्यांनी काय केलं, तर तिच्या नावात राक्षस या अर्थाचं जे अक्षर येतं त्याच्या डोक्यावरचा छोटा फराटा, म्हणजे शिंग, त्या देवळात लिहीतच नाहीत. सुधारली ना ती, मग शिंग कशाला?

"राजगृह म्हणजे मगधच ना?" काकूंनी बरोबर पकडलं. जरासंधाची राजधानीही तीच. एकाच गावच्या दोघी. एकीनं डोंबिवली गाठली, दुसरीनं टोकियो.

एवढ्यात वरच्या गॅलरीतून काकांचा आवाज आला. काका ग्रंथालयातून निवृत्त झालेत. वर्तमानपत्राआड बसून सगळं ऐकत असतात. "हडळीचं सांग की तिला. एन्थोवेन!"

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, 1909 साली अनंत कान्हेऱ्यांनी ज्याला गोळी घातली तो. त्याला लोककथांचा नाद. त्यानं गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून भुताखेतांची माहिती मागवली होती. तो गेल्यावर एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं ती लावून कोकणचा भाग 1915 साली छापला, त्यात आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांचीही उत्तरं आहेत. वाचावं तर भुतांनाही जातपात. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, पिंपळावर. विद्वान ब्राह्मण धनलोभात मेला तर ब्रह्मसमंध. आणि बाळंतपणात मेली ती हडळ. ती परत येऊ नये म्हणून वाटेवर राळे टाकत: वेचत बसेल, उजाडेल. युरोपातही कबरीतनं उठणाऱ्याच्या वाटेवर खसखस टाकत. मलायाकडे पोंतियानाक, तीही बाळंतपणातच गेलेली. तिच्या नावाचं तर बोर्नियोत मोठं शहर आहे.

काका वरून हसले. काकू नाही हसल्या.

"माझी थोरली आत्या," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला गेली. मुरबाडकडे. आजी तिचं नाव घ्यायची नाही. आम्हाला वाटायचं, दुःखानं." मग बराच वेळ त्या आघाड्याची पानं खुडत राहिल्या. "मांस शोधत आली तिला पुरण. आणि पोर जन्माला घालताना मेली तिच्या वाटेवर राळे."

मला यावर काही सुचलं नाही. मला तर हा आपल्या भुताखेतांतला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. राक्षसांना निदान मरताना वर मागायची तरी सोय असते. जेजुरीच्या मणीनं मागितला, त्याला खंडोबाच्या दारात जागा मिळाली. हडळीला कुणी विचारलंच नाही.

"संध्याकाळी ये," काकू अखेर म्हणाल्या. "दूध-फुटाणे आहेत. आणि सुनेला ती भिंतीवरच्या चित्राची गोष्ट तू सांग. माझं ती ऐकायची नाही."

गेले. सूनबाईंनी पुरणाचे दिवे स्वतः वळले होते, जरा वाकडे. ओवाळायला घरात मूल नाही, नातू टोकियोत. तेव्हा जिवतीच्या कहाणीतल्या आईसारखं, असेल तिथे माझं बाळ सुखी असो म्हणून अक्षता टाकायच्या. टोकियो कुठल्या दिशेला यावर सासू-सून-सासरे असा वाद झाला. फोननं पूर्व दाखवली. काकू खिडकीत गेल्या, डोळे मिटले आणि मूठभर अक्षता जोरात भिरकावल्या. त्याआधी चिमूटभर मात्र त्यांनी वेगळ्या काढून कागदापाशी ठेवल्या होत्या. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

काकूंच्या पूर्वेला आमचं पार्किंग. माझ्या स्कूटरच्या सीटवर कुंकवाचे चार तांदूळ अजून आहेत.