दहा मीटरांचा शेजार

ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर, असं स्पीकरच्या खोक्यावर छापलेलं असतं. छापणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा ऐसपैस दिवाणखाना असणार. एका टोकाला सोफा, दुसऱ्या टोकाला स्पीकर आणि मध्ये नुसता गालिचा. सोलापूरच्या साखर पेठेत दहा मीटरांत दोन बिऱ्हाडं, एक जिना, एक मोटारसायकल आणि पापड वाळत घातलेली एक बाज एवढं सगळं बसतं. त्यामुळे आमच्याकडे फोनवरून घरच्या स्पीकरवर गाणं लावायचं, तर आधी यादी वाचावी लागते. फोनला आसपास जी जी यंत्रं दिसतात, त्यांची ही यादी. तिच्यात आमचा स्पीकर असतो. शिवाय वरच्या मजल्यावरचा टीव्ही, समोरच्यांचा साउंडबार, कुणाचे तरी इअरफोन आणि कुणीतरी हौसेनं नाव ठेवलेला ‘बॉस’ही असतो. हा बॉस नेमका कोणाच्या घरात आहे, यावर गल्लीत अजून एकमत नाही.

आमचा स्पीकर म्हणजे मूळचा कॅसेटचा डेक. कॅसेटची बाजू केव्हाच निकामी झाली, पण ॲम्प्लिफायर आणि दोन्ही लाकडी बॉक्स ठणठणीत. मेकॅनिकनं डेककडे धड पाहिलंही नाही. म्हणाला, “मालक, भंगारात घालू नका. ब्लूटूथचं किट बसवू की!” किट म्हणजे बोटभर लांबीची पट्टी, तिच्यावर निळे आकडे. जुन्या झाकणाच्या जागी ती बसली, चार वायरी सोल्डर झाल्या आणि डेकला पुनर्जन्म मिळाला. आता बटण दाबलं की आतून एक बाई खणखणीत इंग्रजीत जाहीर करते, की यंत्र जोडणीसाठी तयार आहे. ही बाई गल्लीतल्या निम्म्या घरांत राहते. भल्या पहाटे तिचा आवाज आला, की आज कुणाकडे देवाची गाणी लागणार, एवढंच ओळखायचं उरतं.

किटला पासवर्डबिसवर्ड काही नाही. ज्याचा फोन आधी जोडला जाईल, त्याचं राज्य. गणपतीत आरती लावायला शेजारच्या मुलानं आपला फोन जोडला होता. गणपती गेले, पण जोडणी राहिली. एका रविवारी आमच्याकडे भीमसेन जोशी लावायच्या बेतात असताना डेकमधून दणक्यात तेलुगू सिनेमाचं गाणं सुरू झालं. पाठोपाठ जिन्यावरून तो मुलगा धावत आला, “काका, आमचं गाणं तुमच्यात वाजलालंय की!” बंद करायला हात पुढे केला, तर घरातूनच विरोध झाला. ही चाल सौभाग्यवतींना आवडते म्हणे. दर लग्नाच्या वरातीत त्यांनी ती ऐकलेली आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात यात नवल काही नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे माग घातले, तेव्हापासून मराठी घरात तेलुगू शब्द आणि तेलुगू घरात मराठी अभंग यांची ये-जा चालूच आहे. चार घरं पुढे कन्नड, कोपऱ्यावर उर्दू. आवाजावर मालकी सांगायची सवय या गावाला मुळात नव्हतीच. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमागून इतर मिल आल्या, त्यांचे भोंगे आले आणि त्या भोंग्यांवर गावाचे डबे भरले जायचे. रेडिओ होता, तर त्याचं लायसन पोस्टात जाऊन काढावं लागे. म्हणजे कागदोपत्री रेडिओ एकाचा, पण १९५२ पासून रेडिओ सिलोनवर लागणारी बिनाका गीतमाला ऐकायला ओट्यावर बसणारे सगळे. यंत्रमागाला तर लायसनसुद्धा लागत नाही, तो सगळ्यांना फुकट ऐकू येतो. मागाच्या खटाखटीवर मात करील इतका आवाज ठेवायचा, हा इथला नियम. वीज गेली की माग थांबतात आणि बॅटरीवर चालणारे स्पीकर बेसावध सापडतात. मग क्षणभर सगळ्या पेठेला कळतं, कोण काय ऐकतं ते.

नवल खरं तर हवेतल्या शिस्तीचं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या एवढ्याशा पट्ट्यात ब्लूटूथ आपले ७९ कप्पे पाडतं, आणि फोन-स्पीकरची प्रत्येक जोडी सेकंदाला १६०० वेळा कप्पा बदलते. जिचा तिचा क्रम निराळा. त्यामुळे एकाच बोळातून लता, यल्लम्माची गाणी आणि कव्वाली एकमेकींना धक्का न लावता जातात. त्याच बोळात दोन मोटारसायकलींना अजून हे जमलेलं नाही.

या लहरी हार खातात त्या पाण्यापुढे. पाणी त्यांना पिऊन टाकतं. आणि सोलापूरच्या घरात पाण्याचं स्थान काय, हे सांगायला नको. नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी निळी प्लॅस्टिकची पिंपं, बादल्या, घागरी, पातेली सगळं काठोकाठ भरून ठेवायचं. अशा दिवशी स्वयंपाकघरातून गाणं लावलं, तर पिंपांच्या रांगेआड ते ठेचकाळत येतं. पुढच्या दिवसांत पाण्याची पातळी उतरते, तसे सूर मोकळे होतात. गाणं अगदी स्वच्छ ऐकू यायला लागलं, की समजावं, आता अंघोळ जपून करायची. माणसाचं शरीरही बरंचसं पाणीच. त्यामुळे भरल्या अंगाचे मामा डेकसमोर उभे राहिले, की तान तुटते. त्यांना बाजूला व्हा म्हणण्यापेक्षा बसा म्हणावं, चहाही होतो.

वायफायच्या स्पीकरनं दहा मीटरांचा हिशेबच मोडून टाकला. तिथे फोन नुसता हुकूम सोडतो, गाणं राउटरमधून परस्पर स्पीकरकडे येतं. समोरच्या काकूंकडे असा स्पीकर आहे. खातं मात्र हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाचं. एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. त्यामुळे अडीचशे किलोमीटरवर त्यानं आपलं गाणं लावलं, की इकडे काकूंचा अभंग अर्ध्यात थांबतो. काकू चिडत नाहीत. घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, “पोचला खोलीवर.” मुलानं वेगळं खातं काढून द्यायची तयारी दाखवली, तर म्हणाल्या, “नको रे. मग पोचलास का म्हणून मला रोज फोन करावा लागेल, आणि तू म्हणशील, आई, सारखी काय विचारतेस.”

जेवणं उरकली, की त्या पुन्हा अभंग लावतात. मग तिकडे त्याचं गाणं थांबतं, आणि आईची भांडी घासून झाली, हे त्यालाही कळतं. पंचाईत होते ती पुढचं गाणं सुचवणाऱ्या यंत्राची. संध्याकाळी ज्ञानोबा-तुकोबा, रात्री पंजाबी पॉप ऐकणारा हा एकच भक्त कोण, हे त्याला उलगडत नाही. परवा त्यानं काकूंना ढोलाच्या ठेक्यावरचं कुठलंसं भजन सुचवलं. काकूंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “बरं आहे की. त्यालापण लागेल का हे तिकडे?”