लॅपटॉपचा रहिवासी दाखला

संस्था एकच, कॉलेजं दोन. एक अमरावतीत, दुसरं अकोल्यात. नाव सांगत नाही, कारण आपल्याच कॉलेजवर लिहिलंय असं वाटणाऱ्यांची संख्या वऱ्हाडात भरपूर निघेल आणि त्या सगळ्यांचा मान राखायला हवा. तर या संस्थेत नॅकची समिती येणार अशी कुणकुण लागली आणि आठवडाभरात सायबर सुरक्षा समिती जन्माला आली. अध्यक्षपद ज्येष्ठतेनुसार भूगोलाच्या सरांकडे गेलं. कॉम्प्युटरच्या मॅडम तासिका तत्त्वावर असल्यामुळे त्यांना समितीत घेणं नियमात बसेना. त्यांनी फक्त काम करायचं, असं एकमताने ठरलं.

पहिला ठराव असा की, कॉलेजच्या वायफायवर येणारा प्रत्येक लॅपटॉप आणि मोबाईल नोंदवलेला असावा. ठरावात वावगं काही नाही. कोणतं यंत्र कोणाचं हे ठाऊक असलं, तर व्हायरस लागलेलं यंत्र बाजूला काढता येतं. जगभरची विद्यापीठं हे करत आली आहेत. पण आपल्याकडे ठरावाचा फॉर्म होतो आणि फॉर्म छापून आला की मूळ दुखणं कोणाला आठवत नाही.

या फॉर्मात नाव, प्रवर्ग, आधार क्रमांक, रहिवासी दाखला, पालकाचं हमीपत्र आणि दोन फोटो मागितले आहेत. फोटो विद्यार्थ्याचे. लॅपटॉपमध्ये कोणती विंडोज आहे, तिचे अपडेट येतात की बंद केलेत, याला रकाना नाही. 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या, ही बातमी समितीपर्यंत अजून पोचायची आहे.

मॅक पत्त्याला मात्र रकाना आहे. हा पत्ता म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातून मिळालेला 12 अंक-अक्षरांचा क्रमांक. त्यात 0 ते 9 आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं येतात, पुढचं काही येत नाही. कारकूनभाऊ तो लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात हाताने उतरवतात. मी ते रजिस्टर पाहिलं आहे. एका पानावर दोन ठिकाणी 'जी' होता आणि एका ठिकाणी चक्क 'क्यू'. 8 चा बी झाला, बी चा 8 झाला, शून्याचा डी झाला. ज्या पोट्ट्यांचं नेट चाललं नाही त्यांना 'घरी सेटिंग बघून घे' असं सांगण्यात आलं.

दर्यापूरकडच्या एका पोराची अडचण याहून बिकट होती.

"सर, फोनचा पत्ता घरी येगळा दाखोते अन् इथं येगळा दाखोते."

"काहून बे? दोन ठिकानी राह्यते काय तुहा फोन?"

"ते आपोआप होते ना सर."

"मंग खरा कोनता, ते ॲफिडेव्हिटवर लिहून आन."

पोराचं बरोबर होतं. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून आणि 2020 च्या आयओएस 14 पासून फोन प्रत्येक वायफायला आपला वेगळा, बनावट मॅक पत्ता सांगतात. कोणी माग काढू नये म्हणून कंपन्यांनीच ही सोय करून ठेवली आहे. लॅपटॉपचा पत्ता बदलणंही अंतिम वर्षाच्या पोरांना अवघड नाही. त्यांनी साहजिकच प्राचार्यांच्या लॅपटॉपचा पत्ता निवडला. त्यामुळे नोंदीप्रमाणे प्राचार्यसाहेब एकाच वेळी ग्रंथालयात, कॅन्टीनमध्ये आणि रात्री दोन वाजता मुलांच्या वसतिगृहात क्रिकेट पाहताना आढळले. समितीने यावर चर्चा न करण्याचं ठरवलं, आणि मला ते शहाणपणाचं वाटलं.

पण या योजनेचा कळस वेगळाच. फॉर्मला अँटिव्हायरस चालू असल्याचा पुरावा जोडायचा, तोही कागदावर. म्हणजे पोरगं लॅपटॉपवर 'आपण सुरक्षित आहात' ही हिरवी खूण उघडणार, तिचा फोटो पेनड्राइव्हवर घेणार आणि गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाणार. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 आहे. सकाळपासून शे-सव्वाशे पेनड्राइव्ह त्याच्यात जाऊन आलेले असतात. आपला ड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसतात. दुकानदार न बघता म्हणतो, "होते तसं, उघडते ते." प्रिंट निघते, दोन रुपये होतात. पोरगं पेनड्राइव्ह पुन्हा लॅपटॉपला लावतं आणि सुरक्षिततेचा कागद फॉर्मला टाचतं. सगळ्यांत निर्धोक लॅपटॉप ज्यांनी फॉर्म भरलाच नाही त्यांचे, असा माझा अंदाज आहे.

नाव-पत्ता घेतला की यंत्र सज्जन होतं, ही श्रद्धा कुठून आली कळत नाही. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला, तेव्हा त्यात स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. आमच्या समितीपुढे तो फॉर्म आला असता तर त्रुटीविना मंजूर झाला असता. 1988 च्या नोव्हेंबरात ज्याच्या वर्ममुळे अमेरिकेतली हजारो यंत्रं बंद पडली, तो रॉबर्ट मॉरिसही कॉर्नेलचा रीतसर प्रवेश घेतलेला विद्यार्थी होता. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. आणि तासिका तत्त्वावर नव्हे.

वायफायचा पासवर्ड दोन्हीकडे सगळ्यांना मिळून एकच. अमरावतीत तो अंबादेवीच्या नावाने सुरू होतो, अकोल्यात राजराजेश्वराच्या, आणि पुढे 123. हॅकरला ग्रामदैवत माहीत असलं की पुरे. खरं तर प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड देता येतो. 'एज्युरोम' नावाची व्यवस्था तेच करते आणि भारतात अर्नेट ती चालवतं. मॅडमनी तसं टिपण दिलं होतं. त्यावर 'पाहिले' असा शेरा आहे.

अकोल्याच्या सर्व्हर रूमबद्दल बोलावं तेवढं थोडं. दारावर 'प्रवेश निषिद्ध' आहे. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर चढतो आणि अख्ख्या इमारतीत सर्व्हरसाठी घेतलेला तेवढाच एक एसी धड चालतो. मग दुपारी एक ते चार परीक्षा विभाग, लेखा विभाग आणि एनएसएस तिथेच भरतात. सर्व्हरच्या रॅकवर दह्याचं भगोनं असतं. कोणाचा तरी पाय लागून केबल निघते आणि अमरावतीला फोन जातो की सायबर हल्ला झाला असावा.

आमच्या विद्यापीठाला नाव संत गाडगेबाबांचं. बाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत, कीर्तन रात्री. समितीने क्रम तेवढा उलटा केला आहे. सायबर जागृतीवर सप्ताह झाला, रांगोळी स्पर्धा झाली, शपथ झाली. आस्थापना विभागातला कॉम्प्युटर मात्र कोणी पुसला नाही. पगारबिलं त्याच्यावर. विंडोज 7 च, जिचा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला. बॅकअप त्याच यंत्रात, दुसऱ्या फोल्डरमध्ये. मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जगाला रडवलं, तेव्हा त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नाही, ते सापडले. आस्थापना विभागाने ती अजूनही घेतलेली नाही, कारण अपडेटला वेळ लागतो आणि तेवढ्यात चहा निवतो.

मागच्या पंधरवड्यात अपेक्षेप्रमाणे त्या पडद्यावर लाल अक्षरं आली. फाइली कुलूपबंद, खंडणी द्या. समितीने रजिस्टर काढलं. त्यात हे यंत्र नव्हतंच. नोंदणी फक्त विद्यार्थ्यांसाठी होती. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. याच अमरावती-अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनीजचा विक्रम झाला होता. आमचं पत्र आस्थापनेतून निघून आवक-जावकला अडकलं, तिथून प्राचार्यांकडे, प्राचार्यांकडून अकोल्याच्या सहसमितीकडे अभिप्रायासाठी गेलं, आणि डांबराने त्याला आरामात मागे टाकलं.

आता ते परत आलंय. शेरा आहे : 'बाधित यंत्राचा नोंदणी क्रमांक नमूद नाही, सबब पुढे पाठवता येत नाही.' म्हणून त्या यंत्राचा फॉर्म भरायला घेतलाय. फोटो काढून झाले. पालकाच्या हमीपत्रावर सही कोणाची घ्यायची, यासाठी बुधवारी समितीची बैठक आहे.