तात्यांचा लोहचुंबक

शिरूर-दौंडकडे शेततळं खोदताना जेसीबीचं बकेट खण्णकन वाजलं, की ऑपरेटर मशीन थांबवतो, मालक खड्ड्यात डोकावतो आणि कुणीतरी तात्यांना फोन लावतो. तात्या दर तीन गावांमागे एक असतातच. कुणी शाळेतून निवृत्त, कुणी सोसायटीचे माजी चेअरमन, कुणी जन्मापासून मोकळे. जमिनीतून निघालेल्या लोखंडाला घराणं मिळवून देणं हे त्यांचं काम, आणि त्याचं मानधन म्हणजे एक चहा.

आमचे तात्या स्प्लेंडरवरून येतात. खिशात जुन्या रेडिओच्या स्पीकरचा लोहचुंबक. तो वस्तूला लावायचा. चिकटला तर शस्त्र, नाही चिकटला तर धन. तिसरा प्रकार त्यांच्या शास्त्रात नाही.

वस्तू कोणत्या काळातली, हे दिशेवरून ठरतं. पेडगावच्या अंगाला सापडली तर मोगलांची, कारण भीमेकाठी बहादूरगड आहे आणि १६८९ साली संभाजी महाराजांना कैद करून तिथेच आणलं होतं. कोरेगाव भीमाच्या वाटेवर सापडली तर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतली. घोडनदीजवळ सापडली तर गोऱ्यांच्या छावणीतली. त्या छावणीतल्या, १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसला मागाहून लोक सत्पुरुष म्हणून भजायला लागले, तेव्हा त्याच्या नावावर एखादं कडं-कुलूप खपवणं म्हणजे काहीच नाही. पंचाईत होते ती दौंडला. तिथून १८७८ पासून मनमाडकडे आगगाडी जाते, त्यामुळे रुळालगतच्या रानात निघतात ते रुळाचे खिळे, डोक्याशी वाकलेले. असा एक खिळा तात्यांनी मला ‘वाघनखाचं एक बोट’ म्हणून दाखवला होता. बाकीची बोटं शेजाऱ्याच्या बांधाखाली आहेत, असंही खालच्या आवाजात सांगितलं.

पण तात्यांची खरी उंची कळली ती पत्रीच्या दिवशी. विहिरीच्या गाळातून एक लोखंडी तुकडा निघाला. चंद्रकोरीसारखा, कडेला भोकं. तात्यांनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटले. “ढालीवरचा चांद. भोकं बघ. खिळ्यांनी ठोकलेला.” पोरांनी फोटो काढले. एकानं तर चप्पल काढून ठेवली. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा नालबंद पुढे आला. साऱ्या हयातीत त्यानं बैल पाडून पत्र्याच मारलेल्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पायाला दोन, बैलाला आठ. “तात्या, पत्री हाय ही. बैलाची.”

सगळे गप्प. पोरगं चपलेत पाय घालायला लागलं. तात्यांनी डोळे उघडले. “मंग मी काय म्हणतोय? तोफा कोण ओढायचं? घोडी? तोफेच्या बैलाची पत्री हाय ही.”

यावर नालबंदाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. तोफा बैलच ओढायचे.

मला तात्यांचा राग येतो तो इथे. या मातीत हरवलेलं लोखंड बहुतेक आपल्याच आज्या-पणज्यांचं असतं. नांगराचा फाळ, फाळ आवळणारी वसू, गाडीच्या चाकाची धाव, मोटेचं कडं. ज्याचं हरवलं त्यानं तेव्हा आठ दिवस रान पालथं घातलेलं असतं, कारण लोहाराचे पैसे अजून द्यायचे होते. तात्यांच्या इतिहासात मात्र पणजोबांना जागा नाही. तिथे सगळे सरदार. गुऱ्हाळावरच्या जुन्या चरकाचं दातेरी चाक निघालं, तर ते तोफेच्या गाड्याचं ठरलं. चिखल पुसल्यावर त्यावर ‘किर्लो’ एवढी अक्षरं दिसली. मी म्हटलं, “तात्या, किर्लोस्करवाडी १९१० ची.” तात्या म्हणाले, “वाडी आत्ताची आसंल. घराणं जुनं हाय.”

नाण्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. शिवराई म्हटलं की तात्यांच्या तोंडून कोटीखाली आकडा निघत नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. पाहिली की ऊर भरून येतो हे खरं. पण हे तांब्याचं नाणं पेशवाईतही पडत राहिलं आणि पुढे इंग्रजी अमलातही बाजारात चाललं, म्हणून तर ते इतकं सापडतं. तात्या आधी ते चिंच आणि राख लावून लख्ख घासतात. तांब्यावरचा जो हिरवट थर पारखी माणूस जपतो, तो गटारात जातो, आणि मग कोटीची बोली सुरू होते. एकदा तर तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं शोधत पांढऱ्या गाडीतून दोन पाहुणेही आले होते. तात्यांनी घरातला प्रत्येक तांब्या तांदळाच्या डब्याशी नेऊन पाहिला. पाहुणे ॲडव्हान्स घेऊन गेले, ते गेलेच.

कायदा तात्यांना तोंडपाठ आहे. १८७८ चा, निखात निधीचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. म्हणून चावडीवर एक कोटीची असलेली वस्तू तलाठी दिसताच नऊ रुपयांवर येते.

त्यांना आशा आहे ती दायमाबादची. १९७४ साली तिकडे प्रवरेकाठी एक शेतकरी झाडाचं खोड खणायला गेला आणि गेंडा, हत्ती, रेडा अन् बैलांचा रथ निघाला. कांस्याचे, सगळे मिळून साठ किलोंच्या वर. हा वजनाचा आकडा तात्या दर वेळी थोडा वाढवतात.

आणि घरचं इनामगाव? इथेच, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ खणलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव सापडलं. घरं, धान्याच्या कणग्यांच्या जागा, रांजणात पुरलेली माणसं. तात्यांचा शेरा एका ओळीचा. “पंधरा वर्षं खणून काढलं काय, तर खापरं.” त्या खापरांतली जोर्वे धाटणीची भांडी इतकी पक्की भाजलेली असतात, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी दुसरा चहा मागवला.

परवा नदीच्या अंगाला बांधावर बसलो होतो. भेळेच्या पुड्याशी कुत्रं आलं. तात्यांनी हाताला लागलं ते उचलून भिरकावलं. नेम चुकला, दगडावर आपटून टण्णकन आवाज झाला. तात्या ताडकन उठले. जाऊन वाकले, मागच्या बाजूला चुंबक लावला. चिकटला नाही. लाल तुकडा होता, त्यावर काळ्या रेघा.

“धन?” मी विचारलं.

“येडा हायस का? खापर हाय,” म्हणाले, आणि दुसऱ्यांदा नेम धरला.