ऋण, सण आणि सणसवाडी

घरातली पैशांची ओढाताण सांगण्यासाठी मराठीत तीन शब्द आहेत: उधारी, उसने आणि कर्ज. उधारी किराणा दुकानात असते. ती दुकानदाराच्या वहीत लिहिली जाते आणि पगार झाला की फिटते, असा निदान उभय पक्षांचा समज असतो. उसने नात्यात असते. ते कुठेच लिहिलेले नसते, म्हणून कोणी विसरत नाही. कर्ज बँकेत, पतसंस्थेत किंवा हल्ली मोबाइलमध्ये असते आणि त्याला हप्ता असतो. नुसते व्याज पाहिले तर उसने सर्वांत स्वस्त, शून्य टक्के. तरीही मेव्हण्याकडून घेतलेले पाच हजार सर्वांत महाग धरावेत, कारण त्यांची वसुली दर लग्नात, भर पंगतीत, जिलबी वाढता वाढता होते.

शिरूर तालुक्यातल्या सणसवाडीत हे तिन्ही प्रकार एकाच उंबऱ्याच्या आत सापडतात. गाव पुणे-नगर रस्त्यावर, पुण्याहून तासाभराच्या वाटेवर आहे. हा तास वाहतूक कोंडी नसलेल्या दिवसाचा धरला आहे, आणि तसा दिवस पंचांगात दाखवण्याची पद्धत नाही. शेतांच्या जागी कारखाने आले, कारखान्यांमागे कामगार, कामगारांमागे भाड्याच्या खोल्या आणि खोल्यांमागे हप्त्यावर फ्रिज देणारे. खोल्या बांधायला मालकाने कर्ज काढले, खोलीत राहणाऱ्याने दुचाकीला काढले. कंत्राटदाराने पगार लांबवला की भाडे लांबते आणि भाडे लांबले की मालकाचा हप्ता. एका उशिरात दोन घरांची झोप उडते. ‘ऋण काढून सण’ ही म्हण काही या गावासाठी झालेली नाही. पण नावातच सण असल्यावर वेगळे निमित्त शोधावे लागत नाही.

तालुक्याला या विषयाचा इतिहासही आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस थांबल्याने इकडच्या कापसाला भाव चढला आणि सावकारांनी हात सैल सोडले. युद्ध संपले, भाव कोसळला, सरकारने सारा मात्र वाढवून ठेवला होता. कर्ज राहिले. डिसेंबर 1874 मध्ये याच तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून कोणी माल घेईना, त्यांचे शेत कोणी कसेना, बलुतेदारांनी हजामतीपासून वहाणांपर्यंत सगळी कामे बंद केली. वाढलेली दाढी ही व्याजदरावरची टीका ठरल्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग. पुढे 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल करून खते आणि रोखे जाळले, लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले आणि 1879 साली सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. आजच्या कर्जदाराला ही सोय उरलेली नाही. रोखा मोबाइलमध्ये असतो, आणि मोबाइल जाळला तरी त्याचा हप्ता चालूच राहतो.

व्याजाची भाषा तेव्हाही अवघड होती, आताही आहे. ‘शेकडा तीन’ ऐकायला किरकोळ वाटते. ते महिन्याचे असते, म्हणजे वर्षाला 36 टक्के. ‘फ्लॅट दहा टक्के’ हा त्याचा शहरी चुलतभाऊ. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले तर 30 हजार व्याज आणि सुमारे 3,611 रुपयांचा हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पहिल्या दिवसाच्या लाखावरच मोजले जाते, म्हणून खरा दर 18 टक्क्यांच्या घरात जातो. हप्त्यावर विकणाऱ्या दुकानातला मुलगा हे सांगत नाही. तो पाण्याचा ग्लास पुढे करतो.

हिशेब कळला म्हणून कर्ज फेडायची उमेद येते असे नाही. ती सहसा गुढीपाडव्याला येते आणि नवी वही घेऊन येते. पहिल्या पानावर ‘कोथिंबीर 10’ इतकी सूक्ष्म नोंद असते. चौथ्या दिवशी ‘इतर’ नावाचे खाते उघडते. आठव्या दिवशी वहीत फक्त ‘इतर’ उरते, आणि महिनाअखेर मुले तिच्यात फुलीगोळा खेळतात. दोष वहीचा नाही. तिला डोळे नसतात, एवढेच.

बोनसवर भिस्त ठेवणे हा दुसरा मार्ग. कायद्याने बोनसचा किमान दर 8.33 टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा जवळपास बारावा हिस्सा, एका महिन्याची कमाई. (ती कायद्याने घातलेल्या मर्यादेतल्या पगारावर मोजतात, ही बारीक अक्षरे.) थोडक्यात, बोनस हा तेरावा महिना, आणि मराठीत तेरावा महिना दुष्काळातच येतो. दसऱ्याला तो टीव्हीसाठी ठरतो, वसुबारसेला पतसंस्थेसाठी, आणि भाऊबीजेला जे उरते त्यातून एसटीचे तिकीट निघते.

डाळीच्या डब्यातली बचत जास्त टिकाऊ असते, कारण तिचा पत्ता एकाच व्यक्तीला ठाऊक असतो. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि घरोघरचे डबे बोलू लागले. अनेक नवऱ्यांना आपण श्रीमंत होतो हे कळले, तेही ती श्रीमंती बदलून आणायला रांगेत उभे राहताना.

या सगळ्यांत खरी चालते ती भिशी. बारा बायका, दरमहा दोन हजार, 24 हजारांची एक चिठ्ठी. पहिली चिठ्ठी जिची निघाली ती कर्जदार, शेवटची जिची ती ठेवीदार, आणि व्याज दोघींनाही नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने शेवटचीचा हा शुद्ध तोटा आहे, पण तिला तसे सांगून पाहिलेला माणूस पुन्हा सांगत नाही. एरवी ते 24 हजार तिच्याकडे साठलेच नसते. खोली बदलून जाणाऱ्या भाडेकरणीला पहिली चिठ्ठी न देणे, हे या व्यवस्थेचे पतमापन. इथे हप्ता चुकला तर संदेश येत नाही. नळावर अकराजणी एकदम गप्प होतात. सिबिलचा आकडा 300 ते 900 असतो, तो बँकेला दिसतो. नळावरचा आकडा गल्लीला दिसतो.

पगार दहापर्यंत होतात, म्हणून चिठ्ठी अकरा तारखेला काढतात. दोन हजार सुटे आणावेत, पोहे भिशीतर्फे.